अलास्काची सागरसफर : हिमनद्या पाहाव्यात, नियमही सांभाळावेत

उन्हाळी सुटीतील परदेशप्रवास ही जैन व्यापारी कुटुंबांत आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. दुबई, सिंगापूर, स्वित्झर्लंड हा क्रम पूर्ण झाल्यावर अलीकडे अनेक घरांत अलास्काचे नाव निघू लागले आहे. आठवडाभर जहाजावर मुक्काम, दोन्ही बाजूंना बर्फाच्छादित पर्वत, समुद्रात उतरणाऱ्या हिमनद्या, देवमासे, सील आणि गरुड यांचे दर्शन, असे त्या सफरीचे वर्णन ऐकून मुले उत्सुक होतात. नोंदणीच्या वेळी तरुण पिढी केबिनला बाल्कनी आहे का हे विचारते. घरातील ज्येष्ठ मात्र वेगळेच प्रश्न विचारतात. तेथे सूर्य मावळतो केव्हा? कंदमूळविरहित भोजन मिळेल का? चातुर्मास लागण्यापूर्वी परत येणे होईल का?

हे प्रश्न प्रवासाच्या आड येणारे नाहीत. अलास्काच्या सफरीचे उत्तम नियोजन करावयाचे असेल, तर ते याच प्रश्नांपासून सुरू केले पाहिजे. मर्यादा आधी ठरली की महिना ठरतो, महिन्यावरून मार्ग ठरतो आणि मार्गावरून जहाज. उलट क्रमाने गेल्यास जहाज हाती येते. नियम मात्र वाटेत सुटतात.

प्रथम दिशापरिमाण

श्रावकाच्या बारा व्रतांमध्ये पाच अणुव्रतांनंतर येणारे पहिले गुणव्रत म्हणजे दिग्व्रत, अर्थात दिशापरिमाण. कोणत्या दिशेला किती अंतरापर्यंत जावयाचे याची मर्यादा गृहस्थाने स्वतःहून घालून घ्यावी, हा त्याचा आशय. दूरदेशी माल नेणाऱ्या-आणणाऱ्या व्यापाऱ्यांच्या समाजात हे व्रत विशेष अर्थपूर्ण होते. जेथे आपण जाणारच नाही, तेथील आरंभ-समारंभाचा दोष आपोआप टळतो, ही त्यामागची दृष्टी.

उपासकदशांगसूत्रात वर्णिलेला आनंद श्रावक हा मोठा धनिक होता. व्रते स्वीकारताना त्याने आपल्या गाड्यांची जशी संख्या ठरवली, तशी नौकांचीही ठरवली. दूरच्या प्रवासासाठी चार आणि जवळच्या वाहतुकीसाठी चार, एवढ्याच नौका त्याने मोकळ्या ठेवल्या. याचा अर्थ नौकाप्रवास त्याला वर्ज्य नव्हता. अमर्याद नौकाप्रवास वर्ज्य होता.

म्हणून घरातील कोणी हे व्रत घेतले असेल, तर सर्वप्रथम त्याची नोंद काढून पाहावी. तत्त्वार्थसूत्रात या व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : वरच्या, खालच्या व तिरक्या दिशेची मर्यादा ओलांडणे, क्षेत्र वाढवून घेणे आणि ठरवलेली मर्यादा विसरणे. शेवटचा अतिचार आजच्या काळात सर्वांत सहज घडणारा आहे. पंधरा वर्षांपूर्वी घेतलेले परिमाण कोणत्या वहीत लिहिले होते हेच आठवत नाही आणि तिकिटे निघालेली असतात. व्रताच्या कक्षेत उत्तर अमेरिका येत नसेल, तर ज्येष्ठांना आग्रह करून नेणे योग्य नव्हे. त्यांच्याजवळ घरी कोण राहील याची व्यवस्था करणे हाही नियोजनाचाच भाग होय. शंका असल्यास गुरुमहाराजांचे मार्गदर्शन घ्यावे. प्रवासकंपनीच्या प्रतिनिधीचे नव्हे.

कोणता महिना?

अलास्काचा क्रूझ-हंगाम साधारणतः एप्रिलअखेरीस सुरू होऊन ऑक्टोबरपर्यंत चालतो. सर्वाधिक गर्दी जुलै-ऑगस्टमध्ये असते आणि भाडेही तेव्हाच चढे असते. नेमका हाच काळ आपल्या चातुर्मासाचा. आषाढ शुक्ल चतुर्दशीच्या सुमारास साधु-साध्वी एका ठिकाणी स्थिरावतात आणि श्रावकही शक्यतो प्रवास आवरता घेतात. पुढे पर्युषण आणि दशलक्षण पर्व येते. त्यामुळे जैन कुटुंबासाठी मे आणि जून हेच महिने स्वाभाविक ठरतात. महाराष्ट्रातील शाळांची सुटीही त्याच सुमारास असते.

या निवडीत नुकसान फारसे नाही. आग्नेय अलास्का हा अतिपावसाचा प्रदेश आहे. केचिकन या बंदरगावी वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यातल्या त्यात मे-जूनचे आठवडे कोरडे असतात आणि सर्वाधिक पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पडतो. मे महिन्यात पर्वतांवरचा बर्फ अद्याप भरपूर असतो. हवाईकडून निघालेले देवमासे तोवर येऊन पोहोचलेले असतात. मेअखेरीस व जूनमध्ये सील माद्या हिमखंडांवर पिलांना जन्म देतात. अस्वलेही दीर्घ निद्रेतून उठून किनाऱ्याच्या कोवळ्या गवतावर चरताना दिसतात.

एक दृश्य मात्र या काळात क्वचितच दिसते. सॅमन माशांच्या झुंडी नद्यांमध्ये शिरतात आणि अस्वले त्यांवर तुटून पडतात, तो काळ प्रामुख्याने जुलै ते सप्टेंबरचा. जाहिरातींत हेच दृश्य पुढे केले जाते. ते हुकले म्हणून जैन कुटुंबाला हळहळण्याचे कारण नाही.

मार्ग, बंदरे आणि व्हिसा

बहुतेक सफरी सात रात्रींच्या असतात. त्यांचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात जहाज सिअॅटल किंवा व्हँकुव्हरहून निघून तेथेच परतते. दुसऱ्यात ते व्हँकुव्हर आणि उत्तरेकडील व्हिटियर अथवा स्यूअर्ड यांच्या दरम्यान एका दिशेने जाते. वृद्ध व लहान मुले बरोबर असल्यास पहिला प्रकार सोयीचा, कारण सामानाची व विमानबदलाची यातायात कमी होते. दुसऱ्या प्रकारात अधिक किनारा पाहावयास मिळतो आणि पुढे डेनाली राष्ट्रीय उद्यानापर्यंत भूमार्गाने जाता येते.

व्हिसाच्या बाबतीत अनेकांची फसगत होते. अलास्का अमेरिकेत आहे, म्हणून अमेरिकेचा व्हिसा पुरेल, असा समज असतो. परंतु परदेशी ध्वजाखालील जहाजाने अमेरिकी बंदरातून प्रवासी घेऊन, मध्ये परदेशी बंदर न करता, ते अमेरिकी बंदरातच उतरवू नयेत, असा १८८६ सालचा कायदा तेथे आहे. म्हणूनच सिअॅटलहून निघणारी जहाजे वाटेत कॅनडातील व्हिक्टोरिया बंदराला लागतात. परिणामी भारतीय पारपत्रधारकाला सामान्यतः दोन्ही देशांचे व्हिसा लागतात आणि ते एकाहून अधिक प्रवेशांचे असावे लागतात. अमेरिकी व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळण्यास वेळ लागतो. तो हाती येण्यापूर्वी परत न मिळणारी रक्कम भरू नये. जहाजावरील वैद्यकीय उपचार महाग असतात आणि आपत्कालीन प्रसंगी रुग्णाला हवाईमार्गे हलवावे लागते. म्हणून ज्येष्ठांचा विमा काढताना क्रूझचा स्पष्ट उल्लेख करून घ्यावा.

मार्ग निवडताना आणखी एक बारकावा ध्यानात घ्यावा. ‘हिमनदी-दर्शन’ एवढेच शब्द पुरेसे नसतात. कोणती हिमनदी, हे विचारावे. ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात दिवसाला मोठी प्रवासी जहाजे कमाल दोनच सोडली जातात. त्यामुळे प्रत्येक कंपनीला तेथे प्रवेश नाही. इतर जहाजे हबर्ड हिमनदी अथवा दुसऱ्या अरुंद खाड्यांकडे जातात. तीही स्थळे सुंदर आहेत, परंतु आपण कशासाठी पैसे मोजतो हे व्यापाऱ्याने तरी आधी पाहावे.

उशिरा मावळणारा सूर्य

आता चौविहाराचा प्रश्न. अलास्काची राजधानी जुनो येथे जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य पहाटे चारच्या सुमारास उगवतो आणि रात्री दहानंतर मावळतो. मेच्या मध्यासही सूर्यास्त नऊनंतरच होतो. त्यामुळे सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणे तेथे मुंबई-पुण्याहूनही सोपे. सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांनी येणारी नवकारशीची वेळ तर पाच वाजण्याच्या आसपासच होऊन जाते.

अडचण वेगळीच आहे. जहाजावर सकाळपासून रात्रीपर्यंत कोठे ना कोठे खाद्यपदार्थ मांडलेले असतात. सूर्य दहापर्यंत आकाशात असल्यामुळे साडेनऊ वाजताही खाण्यास नियमाची आडकाठी उरत नाही. सूर्यास्ताची मर्यादा अक्षरशः पाळली जाते, पण दिवसाचे अठरा तास तोंड चालू राहते. रात्रिभोजनत्यागामागे जीवदया आहे, तसा आहारसंयमही आहे. म्हणून काही कुटुंबे अशा प्रवासात घड्याळाची मर्यादा घालून घेतात : सायंकाळी सात वाजता पच्चक्खाण, मग बाहेर कितीही उजेड असो. मुलांनाही हे पटते, कारण नियम सूर्याने लादलेला नसून स्वतः निवडलेला असतो.

जहाजांवर रात्रीच्या भोजनाच्या सहसा दोन पाळ्या असतात. नोंदणीच्या वेळीच पहिली पाळी मागून घ्यावी. समुद्रात इंटरनेट महाग आणि बेभरवशाचे असते. तेव्हा प्रत्येक मुक्कामाच्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा निघण्यापूर्वीच कागदावर उतरवून न्याव्यात. अलास्काचे घड्याळ उन्हाळ्यात भारताच्या साडेतेरा तास मागे असते. प्रतिक्रमणाची आणि तिथींची जुळणी त्यानुसार करावी लागते.

जहाजावरील भोजन

मोठ्या कंपन्या आगाऊ कळवल्यास भारतीय शाकाहारी भोजनाची सोय करतात आणि काहींच्या मुदपाकखान्यांत भारतीय आचारीही असतात. तरीही ‘जैन’ हा शब्द लिहून निश्चिंत होऊ नये. काय चालत नाही याची यादीच लेखी द्यावी : कांदा, लसूण, बटाटा, गाजर, बीट, मुळा, आले यांसारखे कोणतेही कंदमूळ नको, अंडे नको, मध नको, मांसाचा वा माशांचा अर्क असलेले सूप किंवा रस्सा नको. जिलेटिन घातलेली मिष्टान्ने, प्राणिज रेनेटने केलेले चीज आणि माशांचा अंश असलेली सॅलडची चटणी या गोष्टी शाकाहारी दिसतात, पण तशा नसतात. तळणीचे तेल वेगळे आहे का, हेही विचारावे. जहाजावर पोहोचल्यावर पहिल्याच दिवशी भोजनकक्षाच्या प्रमुखांना भेटून दुसऱ्या दिवशीचे पदार्थ आदल्या रात्री ठरवण्याची पद्धत ठेवल्यास आठवडा सुरळीत जातो.

केबिनमध्ये शेगडी, इलेक्ट्रिक किटली किंवा इस्त्री सहसा चालत नाही. उघडी ज्योत तर सक्त मना असते. म्हणून दीप-धूप घरीच ठेवून कटासणे, मुहपत्ती आणि माळ बरोबर न्यावी. जप व सामायिकाला तेवढे पुरते. कारखान्यात बंद केलेली खाखऱ्याची पाकिटे व कोरडा नाश्ता सामान्यतः नेता येतो. अमेरिकेत उतरताना मात्र प्रत्येक खाद्यपदार्थ जाहीर करावा. ताजी फळे आणि बियाणे नेऊ नयेत. पक्के पाणी पिणाऱ्यांनी उकळत्या पाण्याची सोय आधी विचारून घ्यावी आणि ते भरून ठेवण्यास थर्मास न्यावा.

थंडीच्या कपड्यांकडेही लक्ष असावे. बाजारात मिळणारी अनेक उबदार जाकिटे पक्ष्यांच्या पिसांनी भरलेली असतात आणि हातमोजे चामड्याचे असतात. कृत्रिम धाग्यांच्या भरणाची जाकिटे तितकीच उबदार असून ओल्या हवेत अधिक टिकतात. जूनमध्ये दिवसाचे तापमान दहा ते अठरा अंशांच्या आसपास असते. तेव्हा एका जाड कपड्यापेक्षा पातळ थर आणि वरून जलरोधक अंगरखा हीच उत्तम व्यवस्था.

जहाजावर जुगारगृह आणि मद्यालय असते, हे मुलांना आधीच सांगितलेले बरे. सप्तव्यसनांची यादी पाठ असणे वेगळे आणि रोज त्यांच्या दारावरून जाणे वेगळे.

हिमनदीच्या समोर

ब्रिटिश नौदलाचा कप्तान जॉर्ज व्हँकुव्हर याच्या तुकडीने १७९४ मध्ये या किनाऱ्याची पाहणी केली, तेव्हा आज ग्लेशियर बे म्हणून ओळखली जाणारी खाडी बहुतांश बर्फाने भरलेली होती. १८७९ मध्ये निसर्गअभ्यासक जॉन म्यूर तेथे आला, तेव्हा बर्फ साठ-सत्तर किलोमीटर मागे सरकलेला होता. आता जहाज सुमारे शंभर किलोमीटर आत जाते, तेव्हा मार्जरी हिमनदीचे मुख दिसते. ही माघार गेल्या काही शतकांतील शीतकाळ ओसरल्यावर सुरू झाली. अलास्कातील बहुतेक हिमनद्यांची आजची झीज मात्र तापत्या हवामानामुळे वेगावली आहे. हबर्डसारख्या काही हिमनद्या याच काळात पुढेही सरकत आहेत. एकाच प्रदेशात दोन्ही गोष्टी घडतात, हे पाहणाऱ्याने एकांगी निष्कर्ष काढू नये.

मार्जरी हिमनदी सुमारे चौतीस किलोमीटर लांब आहे. तिचे मुख दीड किलोमीटरहून रुंद असून पाण्यावर साधारण पंचाहत्तर मीटर उंच उभे असते, म्हणजे वीस-पंचवीस मजली इमारतीएवढे. शतकानुशतके साचलेल्या बर्फातील हवा दाबाने निघून जाते. असा घट्ट बर्फ प्रकाशातील तांबडा अंश शोषून घेतो आणि म्हणून निळा दिसतो. अधूनमधून कडा तुटून पाण्यात कोसळतो. कोसळणे आधी दिसते आणि गडगडाट मागाहून ऐकू येतो. येथील मूळ रहिवासी असलेल्या त्लिंगित लोकांनी या आवाजाला शुभ्र मेघगर्जना म्हटले आहे.

जैन मुलांना बावीस अभक्ष्यांत ‘हिम’ हा शब्द पाठ असतो. त्याचा अर्थ फार तर सरबतातला बर्फ. शास्त्रदृष्टीने पाणी व हिम हे अप्काय जीव होत. तो शब्द येथे पर्वताच्या रूपाने समोर उभा राहतो. काही छोट्या नौकांच्या सफरींत समुद्रातून हिमखंड उचलून त्याचे तुकडे पेयात घालून देण्याची हौस पुरवली जाते. अशा वेळी पेला नम्रपणे परत करणे हा मुलांसाठी सहज मिळालेला पाठ ठरतो. हेलिकॉप्टरने हिमनदीवर उतरून चालण्याच्या सफरीबाबतही प्रत्येक कुटुंबाने आपल्या विवेकाने ठरवावे. जहाजाच्या मोकळ्या डेकवरून दिसते ते पुरेसे असते.

जहाज हिमनदीसमोर साधारण तासभर थांबते. ग्लेशियर बेमध्ये उद्यानाचे रक्षक जहाजावर येऊन माहिती देतात. जहाज सावकाश वळवले जाते, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या प्रवाशांना सारखेच दर्शन घडते. त्यासाठी विशिष्ट बाजूच्या केबिनला जादा पैसे मोजण्याची गरज नाही. या तासातील एक सामायिकाएवढा वेळ, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे, मोबाइल बाजूला ठेवून मौनाने बसून पाहण्याचा संकल्प कुटुंबाने करून पाहावा. छायाचित्रे नंतरही घेता येतात.

निसर्ग येथे वेळापत्रक पाळत नाही. १० ऑगस्ट २०२५ रोजी ट्रेसी आर्म खाडीत साउथ सॉयर हिमनदीजवळ प्रचंड दरड कोसळून मोठ्या लाटा उसळल्या. धुके, हिमखंडांची दाटी किंवा अशा घटनांमुळे जहाजाचा मार्ग ऐनवेळी बदलतो. कप्ताननेच माघार घेतली तर तक्रार करण्याऐवजी त्याचे आभार मानावेत.

दुरून पाहण्याचा धर्म

हम्पबॅक जातीचा देवमासा हा मासा नव्हे, तर पिलांना दूध पाजणारा पंचेंद्रिय प्राणी. तो बारा-पंधरा मीटर लांब असतो. हिवाळ्यात हवाईच्या उबदार पाण्यात प्रजनन करून तो सुमारे पाच हजार किलोमीटर पोहत उन्हाळ्यात अलास्काला येतो. हवाईच्या वास्तव्यात आणि प्रवासात तो जवळजवळ काहीच खात नाही. पिलाला दूध पाजणारी मादीही महिनोन्‌महिने साठवलेल्या चरबीवर राहते. आपल्या घरांतील तपस्वींना या माहितीचे विशेष वाटल्यावाचून राहणार नाही. अर्थात देवमाशाचा उपवास ही देहाची गरज आहे आणि माणसाचा उपवास ही इच्छेची निवड.

अलास्काच्या पाण्यात हम्पबॅकच्या शंभर यार्डांच्या, म्हणजे सुमारे नव्वद मीटरांच्या आत नौका नेण्यास कायद्याने मनाई आहे. हम्पबॅक आढळतात तेथे नौकेचा वेगही सावध ठेवावा लागतो. काही नौकाचालक ‘व्हेल सेन्स’ या ऐच्छिक उपक्रमात सामील होऊन याहून कडक शिस्त पाळतात. देवमासे पाहण्याची सफर निवडताना ‘जवळून दाखवू’ असे सांगणाऱ्यापेक्षा ‘अंतर राखू’ असे सांगणाऱ्याला पसंती द्यावी. आठ पट शक्तीची चांगली दुर्बीण प्रत्येक दोघांत एक असली की अंतराची खंत राहत नाही. नवजात पिलू घेऊन हिमखंडावर पहुडलेली सील मादी नौका जवळ आल्यास पाण्यात उडी घेते आणि पिलू मागे राहते. तेथे आपले कुतूहल थेट हिंसेचे कारण ठरू शकते. जयणा हा शब्द ज्यांनी लहानपणापासून ऐकला आहे, त्यांना हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

व्यापाराने गमावले, मर्यादेने मिळवले

या किनाऱ्याचा इतिहास व्यापारी घराण्यांनी अवश्य जाणून घ्यावा. १७४१ मध्ये बेरिंगची रशियन मोहीम येथे पोहोचली. तिच्याबरोबरचा निसर्गतज्ज्ञ श्टेलर याने समुद्री गाय या अवाढव्य, शांत, शेवाळ खाणाऱ्या प्राण्याचे वर्णन केले. फरसाठी आलेल्या शिकाऱ्यांनी तिला अन्न म्हणून इतके मारले की सत्तावीस वर्षांत, म्हणजे १७६८ च्या सुमारास, ती जात पृथ्वीवरून नाहीशी झाली.

फर होती समुद्री पाणमांजराची. तिला चीनच्या बाजारात मोठी किंमत येई. रशियन, ब्रिटिश आणि अमेरिकन व्यापारी त्या कातड्यांच्या मागे लागले. मागणी होती, नफा होता, मर्यादा नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी सर्व किनाऱ्यांवर मिळून दोन हजारांच्या आसपासच पाणमांजरे उरली आणि आग्नेय अलास्कातून ती पार नाहीशी झाली. अखेर १९११ मध्ये अमेरिका, रशिया, ब्रिटन आणि जपान यांनी करार करून शिकार थांबवली. १९६० च्या दशकात सुमारे चारशे पाणमांजरे आग्नेय अलास्कात पुन्हा आणून सोडण्यात आली. आज तेथे त्यांची संख्या हजारोंत आहे आणि पाठीवर तरंगत पिलाला छातीशी धरलेली मादी क्रूझच्या प्रवाशांना सहज दिसते.

हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांमध्ये दंतवाणिज्य सांगितले आहे. दात, केस, नखे, हाडे, कातडी अशा प्राणिज अवयवांचा त्यांच्या उत्पत्तिस्थानी जाऊन व्यापार करणे, असा त्याचा अर्थ होतो. शेकडो वर्षांपूर्वी आचार्यांनी व्यापाऱ्याला घातलेली मर्यादा किती व्यवहार्य होती, हे येथील समुद्र सांगतो. राष्ट्रांना जे करार करून थांबवावे लागले, ते श्रावकाने स्वतःच्या व्रताने आधीच थांबवलेले असते.

स्कॅगवे बंदराची कथाही अशीच. १८९६ मध्ये क्लोंडाइकला सोने सापडले आणि पुढील दोन वर्षांत हजारो माणसे या वाटेने धावली. कॅनडाच्या हद्दीत प्रवेशासाठी वर्षभराची शिदोरी, म्हणजे सुमारे एक टन सामान, दाखवावे लागे. ते वाहून नेणारे जवळपास तीन हजार घोडे व्हाइट पास घाटात भुकेने, अपघातांनी आणि माराने मेले. त्या वाटेला मृत घोड्यांची वाट असेच नाव पडले. खणणाऱ्यांपैकी फार थोडे श्रीमंत झाले. फावडी, तंबू आणि शिधा विकणाऱ्यांची दुकाने मात्र चालली. १९०० मध्ये पूर्ण झालेल्या रेल्वेतून आज त्याच घाटातून जाता येते. खिडकीतून देखावा पाहताना मुलांना त्या घोड्यांविषयीही सांगावे.

बंदरावर उतरल्यावर

प्रत्येक बंदरावर सफरींची मोठी यादी हाती पडते. मासेमारी, खेकड्यांची मेजवानी आणि सॅमन भोजनाचे कार्यक्रम बाजूला ठेवावेच लागतात. साखळीला बांधलेल्या कुत्र्यांच्या घसरगाड्यांची सफरही विचारपूर्वक टाळलेली बरी. उरते ते कमी नाही. जुनोजवळ मेंडेनहॉल हिमनदीचे विस्तीर्ण तळे आणि धबधब्याची पायवाट आहे. केचिकनला त्लिंगित लोकांचे कोरीव टोटेम खांब आणि टोंगास राष्ट्रीय अरण्यातील वनवाटा आहेत. सिटका येथे जखमी गरुडांवर व इतर शिकारी पक्ष्यांवर उपचार करणारे अलास्का रॅप्टर सेंटर १९८० पासून चालू आहे.

या केंद्रात एक गंभीर प्रश्न उभा राहतो. अलास्कात १९१७ पासून काही दशके गरुड मारणाऱ्यास सरकारी बक्षीस मिळे आणि एक लाखाहून अधिक गरुड त्यापायी मारले गेले. आज तेथेच त्यांच्यावर उपचार होतात, ही करुणाच. पण बऱ्या होणाऱ्या गरुडाला मांस द्यावे लागते. दिल्लीच्या लाल मंदिरातील जैन पक्षी रुग्णालयाचा अभिमान बाळगणाऱ्या कुटुंबाने येथे देणगी द्यावी का? उपचाराचे अनुमोदन करावे आणि आहाराचे करू नये, असे कोणी म्हणेल. कोणी केवळ दर्शन घेऊन परतेल. घरातल्या घरात यावर चर्चा व्हावी, एवढेच महत्त्वाचे.

येथील मूळ समाजांचे जीवन परंपरेने सागरी प्राण्यांवर अवलंबून राहिले आहे. अमेरिकी कायद्यानेही त्यांना त्यासाठी मोकळीक आहे. त्यांच्याविषयी तिरस्काराचा शब्द मुलांच्या तोंडी येऊ नये. अनेकांताची शिकवण अशाच ठिकाणी उपयोगी पडते. मात्र फर, हस्तिदंतासारखे वॉलरसचे दात किंवा हाडांच्या वस्तू आपण विकत घेऊ नयेत. अशा अनेक वस्तूंच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीवर निर्बंधही आहेत.

जहाजाच्या धुराचा हिशेब

विरघळणारा बर्फ पाहण्यासाठी धूर सोडणाऱ्या विमानातून आणि जहाजातून जावे लागते, ही विसंगती नाकारता येत नाही. ती पूर्णतः मिटवण्याचा उपाय नाही, परंतु कमी करण्याचे आहेत. जुनो येथे २००१ मध्ये धक्क्यावर उभ्या असलेल्या क्रूझ जहाजाला किनाऱ्यावरून वीज देण्याची सोय झाली. जगात असे करणारे ते पहिले बंदर. अशी वीज घेऊन आपली इंजिने बंद ठेवणारे जहाज निवडता येते. एकाच दीर्घ प्रवासात उत्तर अमेरिकेतील नातेवाइकांची भेट आणि व्यवसायाचे कामही उरकता येते, म्हणजे पुन्हा विमान धरावे लागत नाही. जुनो शहरानेही २०२४ पासून दिवसाला पाचच मोठी जहाजे, अशी मर्यादा कंपन्यांशी ठरवून घेतली आहे. आल्या-गेल्या पाहुण्यांवर ज्यांचा व्यापार चालतो, त्यांनाही शेवटी परिमाण करावेच लागले.

नोंदणीपूर्वी एका संध्याकाळी घरातील सर्वांनी, मुलांसह, एकत्र बसून काही गोष्टी लिहून काढाव्यात. कोणाचे कोणते व्रत आहे, सायंकाळची कोणती वेळ पाळावयाची, कोणत्या सफरी घ्यावयाच्या नाहीत, काय विकत आणावयाचे नाही आणि प्रवासखर्चाचा कोणता अंश जीवदयेसाठी बाजूला काढावयाचा. ही यादी एका पानात मावते. तो कागद पारपत्रांच्या पाकिटात ठेवावा आणि मग प्रवासकंपनीला दूरध्वनी करावा.